बाईंनी न दिलेलं उत्तर

बाई कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की नाव विचारायच्या नाहीत, वय विचारायच्या. आमच्याकडच्या बायांना वय वर्षांत सांगता येत नसे, म्हणून त्या आडून शोधत. रझाकाराच्या टायमाला तू पाळण्यात होतीस का चालत होतीस? बहात्तरच्या दुष्काळात अंगावर पिणारं लेकरू होतं का? असं करत करत वय निघालं की त्या माणसाच्या शरीरात सध्या काय चाललं असेल ते लगेच सांगून टाकायच्या. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर बाकावर शेजारी बसलेल्या, नुकत्याच ओळख झालेल्या एका बाईला त्या म्हणाल्याचं मला आठवतं, "पंचेचाळीस म्हंजे कानातून वाफा निघून राहिल्या असतील. उगंच घाम येतो, उगंच रडू येतं. भिऊ नको, येड लागलं न्हाई तुला. पाळी जाऊन राहिली." ती बाई पदर तोंडाशी धरून इकडंतिकडं बघू लागली. पलीकडे बसलेल्या दोन पुरुषांनी माना वळवल्या. बाईंना आवाज खाली घेणं माहीतच नव्हतं. आणि तरी गाडी लागेपर्यंत त्या बाईने सरकत सरकत जवळ येऊन आणखी चार प्रश्न विचारले होते.

त्या आरोग्य खात्यात होत्या. सात गावांतल्या नर्सांवर देखरेख करायचं काम. मी त्यांच्या हाताखाली नवीन लागलेली नर्स, बाविशीतली. गावचे लोक त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि मला लहान्या बाई. उपकेंद्र म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत दवाखाना, मागच्या खोलीत आम्ही दोघी राहायचो. पाऊस नसल्याचं ते दुसरं वर्ष होतं आणि लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या पाटीवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव चुना लावून पुसलेलं होतं आणि नवं लिहायला रंगारी यायचा होता. तो मी तिथे असेपर्यंत आला नाही.

मी उदगीरची. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वडिलांचं भुसार मालाचं दुकान, घरात तिन्ही त्रिकाळ शिवपूजा. असल्या गोष्टींबद्दल आमच्या घरात कुणी कधी एक शब्द बोललेलं नव्हतं. नर्सिंगच्या परीक्षेत मी स्त्रीच्या शरीराची आकृती बिनचूक काढून गुण मिळवले होते, पण त्यातला एकही भाग मराठीत तोंडाने उच्चारलेला नव्हता. पहिल्या दिवशी बाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "पाळी म्हण." मी म्हटलं, "मासिक धर्म." त्या म्हणाल्या, "ते पुस्तकात. तोंडानं म्हण." मी भिंतीकडे बघत म्हटलं. "आता माझ्याकडं बघून म्हण." ते मला जमायला आठवडा लागला. गावात बाया म्हणायच्या कावळा शिवला, नाहीतर बाजूला बसली, नाहीतर अडचण आली. बाई म्हणायच्या, कावळ्याला कशाला त्यात गुंतवता, त्याला बिचाऱ्याला खबर सुद्धा नाही.

त्यांच्याकडे एक पुरुषी सायकल होती. ती चालवताना मी त्यांना कधीही पाहिलं नाही. हँडलला दोन्हीकडे पिशव्या अडकवायच्या आणि सायकल ढकलत गावोगाव चालायचं. कुणी विचारलं तर म्हणत, ही माझी गाढवीण आहे, फक्त हिला चारा लागत नाही. गावात पोहोचल्या की बाभळीखाली बायांना जमवायच्या आणि काटकीने मातीत गर्भाशय काढायच्या. बाया हसायच्या. एक म्हातारी म्हणाली होती, हे तर आमच्या बैलाचं तोंड दिसतंय, शिंगं पण हायत. बाई म्हणाल्या, हाव, तसंच दिसतं, आणि याच बैलाच्या तोंडातून तुमचे सगळे सरपंच निघाले. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या आयांना त्या अगोदर गाठत. लेकरू भिऊन मरायच्या आधी सांग, एवढंच म्हणत. पुष्कळ आयांना काय सांगायचं तेच माहीत नसे, मग बाई आईला आणि मुलीला एकत्र बसवून दोघींना सांगत.

पुरुषही यायचे, पण कसली तरी गोळी मागायच्या निमित्ताने. एकदा एकविशीतला, नुकतं लग्न झालेला एक जण 'ताकदीच्या' औषधाची बाटली घेऊन आला. बाजारात एकाने त्याला घाबरवून ती विकली होती. बाईंनी वास घेऊन बघितला आणि म्हणाल्या, हे गुळाचं पाणी आहे. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या विकणाऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्यापुढे जमलेल्या तरुणांना, झोपेत जे होतं तो रोग नाही, त्याने माणूस वाळत नाही, हे दुपारपर्यंत फुकट समजावत राहिल्या. तो माणूस दुपारी दुकान गुंडाळून गेला. त्या आठवड्यात बाईंना गावात शिव्या पुष्कळ बसल्या.

एक सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. दर सोमवारी दाढदुखीची गोळी न्यायचे, आणि त्यांच्या तोंडात दात मोजून तीन होते. शेवटी एकदा त्यांनी खाली बघत विचारलं की या वयातही मन तिकडे जातं, हा काही बिघाड आहे का. बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती. बाई म्हणाल्या, "बिघाड न्हाई काका. तुम्ही जित्ते हाव एवढंच. पण त्यांचं अंग आता येगळं झालंय, त्यांना तकलीफ होत असंल. कधी विचारलं का?" पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी ते विचारलं नव्हतं. पुढच्या सोमवारी ते आले नाहीत, त्यांची बायको आली, ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा घेऊन. ती म्हणाली, काय शिकवलंत त्यांना, काल अर्धा घंटा माझ्याशी बोलत बसले होते.

शरीर कुणाला विचारून मोठं होत नाही आणि कुणाला विचारून म्हातारं होत नाही, असं बाई नेहमी म्हणत. मला वाटायचं, हे बोलणं दुसऱ्यांपुरतं आहे. त्यांचं स्वतःचं लग्न विशीत झालं होतं आणि दोन वर्षांत मोडलं होतं, त्यानंतर त्या एकट्याच होत्या. पण निवृत्त झाल्यावर वर्षभराने त्यांनी लग्न केलं, एसटीतून निवृत्त झालेल्या एका विधुराशी. मी नांदेडला भेटायला गेले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, बाई, या वयात? त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "इतके दिवस माझ्याजवळ राहून तू काय शिकलीस गं?" मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

बाई लोह्याकडच्या. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. काही घरांत बाळंतपणाला त्यांना बोलावत, पण मागच्या दाराने आत घेत आणि हात धुवायला जनावरांच्या हौदातलं पाणी देत. बाई भांडत नसत. आतल्या रांजणातलं पाणी येईपर्यंत हात पुढे धरून उभ्या राहत. आत बाळंतीण कळा देत असायची. दुष्काळात घोटभर पाणीही लांबून आणावं लागत होतं, पण रांजणातलंच पाणी आल्याशिवाय त्या उंबरा ओलांडत नसत. एकदा असं बराच वेळ चाललं. मी म्हटलं, बाई, जाऊ द्या, उशीर होईल. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी आज गेले तर उद्या सगळ्यांना हौदच दाखवतील." पाणी आलं. बाळंतपणही नीट झालं. पण त्या उभ्या होत्या तेवढा वेळ मला त्यांचा राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे. कोंडाबाईच्या वेळीही मला तसाच राग आला.

कोंडाबाई हे खरं नाव नाही. विधवा बाई, शेहेचाळीस-सत्तेचाळीसची. मुलगा पुण्याकडे कामाला गेलेला. तिच्या नावावर दोन एकर रान होतं आणि त्यात विहीर. गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या तरी त्या विहिरीच्या तळाला पाणी होतं. ती धाकट्या दिराच्या घरात राहायची आणि रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहायला जायची. वर्षभरात तिची पाळी थांबली होती आणि चार महिन्यांत पोट वाढत चाललं होतं. तलावावरच्या बाया कुजबुजू लागल्या. एक दिवस ती आमच्याकडे आली. बाईंनी तपासलं, मला हात लावून बघायला लावलं. पाळी गेली होती ती वयाने, त्यात वावगं काही नव्हतं. पोटात मूल नव्हतं, अंडाशयाला गाठ होती, मोठी. बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं, नांदेडला जाऊन ऑपरेशन करून घ्यावं लागेल, आपण सोबत येऊ, असंही सांगितलं. ती म्हणाली, कुणाला सांगू नका. गाठ म्हटलं की लोक कॅन्सर समजतात. हिचं काही खरं नाही असं दिराला वाटलं तर तो उद्याच रानात औत घालील आणि विहीर धरील. पोराला पत्र टाकलंय, तो येऊ द्या, मग जाऊ. बाई म्हणाल्या, सांगणार नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही तलावाच्या कामावर जुलाबावरच्या पुड्या वाटत होतो. सुट्टीची वेळ होती, बाया बाभळीच्या सावलीत भाकरी सोडून बसल्या होत्या. कोंडाबाईचा दीर चौघा-पाच जणांना घेऊन आला. सोबत गावातली म्हातारी सुईण होती. मुकादम त्यांना बघून आपल्या खोपीतून बाहेर आला आणि बाजूला उभा राहिला. दीर सरळ बाईंकडे आला.

"मोठ्या बाई, ही तुमच्याकडं येऊन गेली. तुम्ही तपासलंत. काय हाय ते इथं चारचौघांत सांगा."

बाई पुड्या मोजत होत्या. त्या मोजून झाल्यावर म्हणाल्या, "काय हाय ते तिला सांगितलंय."

"आम्हाला सांगा. आमची भावजय हाय."

"भावजय तुमची असंल. पोट तिचं हाय."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. दिराचा चेहरा काळवंडला. पण तो ओरडला नाही, उलट समजुतीच्या आवाजात बोलू लागला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. तो म्हणाला, माझं काही म्हणणं नाही. तुम्ही फक्त न्हाई म्हणा. तुमच्या तोंडून न्हाई निघालं की आम्ही सगळे इथून माघारी जातो, पुन्हा हा विषय काढणार नाही.

मी बाईंकडे बघितलं. एक शब्द होता, आणि तो खराही होता. बाईंनी कोंडाबाईकडे मान वळवली. ती मातीच्या पाटीला धरून उभी होती. बाईंनी तिला विचारलं, "बोलू का?" कोंडाबाईने मान हलवली. नको. मी ती मान हललेली नीट बघितली होती, हे मला इथे लिहिलं पाहिजे.

बाई दिराला म्हणाल्या, "न्हाई म्हणणार न्हाई आणि हाय बी म्हणणार न्हाई."

"म्हंजे हाय," मागून एक जण म्हणाला.

मग ते झपाट्याने झालं. दिराने कोंडाबाईचं मनगट धरलं. पाटी खाली पडली. मुकादमाच्या खोपीत नेऊन सुईणीकडून बघून घ्यायचं असं ते येतानाच ठरवून आले होते. बाया उठून उभ्या राहिल्या, पण एकही पुढे आली नाही. बाईंनी सायकल खोपीच्या तोंडाशी आडवी लावली आणि तिच्यामागे उभ्या राहिल्या. त्या उंचीने माझ्या खांद्याला लागायच्या. एकाने सायकल ओढली, ती पिशव्यांसकट आडवी पडली, पुड्या मातीत विखुरल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत. कोंडाबाईचं लुगडं खांद्यावरून निसटलं होतं आणि ती ते एका हाताने सावरत होती. दुसरा हात दिराच्या हातात होता.

मी म्हटलं, "मूल न्हाई ते. गाठ हाय. पोटात गाठ हाय तिच्या."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सगळे थांबले. दिराने मनगट असं सोडलं की जणू चटका बसला. सावलीतली एक बाई हळूच म्हणाली, आई गं, गाठ. सुईण पाऊल मागे घेत बाजूला झाली. तोवर कोरडी राहिलेली कोंडाबाई तिथेच मातीत बसली, पदर तोंडावर घेतला आणि रडायला लागली. दीर तिच्याकडे बघत उभा होता. त्याची नजर आता वेगळी होती. तिच्यात राग नव्हता. तो काहीतरी मनात ठरवत होता.

ते लोक गेले. बाईंनी सायकल उचलली, हँडल सरळ केलं, मातीतल्या पुड्या एकेक करून गोळा केल्या. घरी आल्यावर मीच सुरुवात केली, बाई, त्यांनी तिला फाडून खाल्लं असतं.

त्या म्हणाल्या, "तू तिला सोडवलंस. ते मी न्हाई म्हणत न्हाई. पण ती नको म्हणली होती."

मी म्हटलं, तुम्हाला ढकलून ते आत गेले असते.

"गेले असते. मग मी फौजदाराकडं गेले असते, कलेक्टरकडं गेले असते. आता कुणाकडं जाऊ? आज त्यांना कळलं, की चार जणं येऊन दमात विचारलं की उत्तर मिळतं."

त्यानंतर दोन महिने त्या माझ्याशी कामापुरत्याच बोलल्या. सकाळचा चहा त्याच करायच्या, माझा कप माझ्यापुढे ठेवायच्या आणि आपला घेऊन बाहेर ओट्यावर जायच्या. मी मनातल्या मनात त्यांच्याशी रोज भांडायचे. मी जे केलं ते बरोबर होतं असं मला वाटायचं. आजही काही दिवशी वाटतं.

तलावावरच्या त्या प्रकाराच्या दुसऱ्याच दिवशी रजा टाकून बाई कोंडाबाईला नांदेडला घेऊन गेल्या. गाठ निघाली, साधी होती, विषारी नव्हती. तीन आठवड्यांनी त्या दोघी परत आल्या तेव्हा दिराने रानात औत घातलेलं होतं आणि विहिरीवर इंजिन बसवून भोवती काटेरी फांद्या लावल्या होत्या. मुलगा अजून आला नव्हता. कोंडाबाईने काय केलं, तर ती सरळ विहिरीवर गेली, फांद्या ओढून बाजूला टाकल्या आणि काठावर बसली. बाई तिच्याशेजारी बसल्या. पाण्यासाठी लांब चाललेल्या बायांना कोंडाबाईने हाक मारली, या गं, इथून भरून न्या, माझी विहीर हाय. तासाभरात तिथे गावातल्या निम्म्या बाया घागरी घेऊन उभ्या होत्या. दीर आला. पण त्यात त्याची बहीण होती, मुकादमाची बायको होती, त्याच्या सोबत तलावावर आलेल्यांच्या घरच्या बाया होत्या. त्यांना तिथून हाकलायची त्याची हिंमत झाली नाही. चार दिवसांनी त्याने इंजिन काढून नेलं.

त्या विहिरीवरच कोंडाबाई मला म्हणाली, "लहान्या बाई, तुम्ही बोललात म्हून त्या दिशी माझी अब्रू ऱ्हायली. पण गाठ म्हणल्याबरोबर त्यांनी मला जित्तेपणी मेलेली धरलं. दोन्ही खरं हाय. तुम्हाला सांगून ठेवते." तिने रागाने सांगितलं नाही. घागर डोक्यावर उचलून देता देता सांगितलं.

होळी होऊन गेली होती. बाई महिन्याच्या बैठकीला अहमदपूरला गेल्या होत्या आणि मी एकटीच होते. उन्हं तापली असताना चौघे जण अनसूला घेऊन आले. हेही नाव मीच दिलेलं. पंचवीस वर्षांची, नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरात राहणारी. तिचा भाऊ पुढे होता आणि मागे तलावावर त्या दिवशी आलेल्यांतले दोघे होते. भाऊ म्हणाला, "लहान्या बाई, कोंडाबाईचं तुम्ही चारचौघांत सांगितलंत. तसं हिचं बी सांगा."

मी अनसूला आत घेतलं आणि दार लावलं. तपासायची वेळच आली नाही. ती म्हणाली, तीन महिने झाले. कोणाचं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं, तुम्ही त्यांना सांगणार का? तिचे ओठ कोरडे पडले होते. मी तिला पाणी दिलं.

बाहेर येऊन मी म्हटलं, सांगणार नाही.

भाऊ म्हणाला, "म्हंजे हाय."

मी म्हटलं, हाय म्हणाले नाही, न्हाईही म्हणाले नाही. त्यावर त्याने जे म्हटलं ते मी इतक्या वर्षांत विसरले नाही. "कोंडाबाईचं न्हाई होतं तर तुम्ही न्हाई म्हणलात. हिचं न्हाई असतं तर आता बी म्हणला असता."

माझ्या न सांगण्यातून त्याला काहीच कळायला नको होतं, आणि त्याचा अर्थ कसा लावायचा ते मीच, तलावावर उभी राहून, कळवून ठेवलं होतं. बाईंनी त्या दिवशी न्हाई का म्हटलं नाही ते मला तेव्हा, त्या उन्हात उभं राहून समजलं. कोंडाबाईसाठी म्हटलेलं न्हाई आज अनसूच्या विरुद्ध साक्ष देत होतं.

मी दाराला बाहेरून कडी घातली आणि उंबऱ्यावर बसले. मला दुसरं काही सुचलं नाही. भाऊ म्हणाला, दार उघडा, आमची पोरगी आहे. मी म्हटलं, ती आता माझी पेशंट आहे. त्यांनी मला हात लावला नाही. मोंढ्यातल्या भुसाऱ्याची पोर म्हणून लावला नसेल, की सरकारी नोकर म्हणून, सांगता येत नाही. बाईंना त्यांनी ढकललंच असतं हे मला माहीत होतं. ते समोरच्या लिंबाखाली बसून राहिले. मधूनमधून एक जण उठून दाराजवळ येई, उभा राही, परत जाई. आणखी तिघे-चौघे येऊन मिळाले. एकाच्या हातात काठी होती, ती तो जमिनीवर सावकाश आपटत होता. आत अनसूचा काही आवाज नव्हता. तिने जिवाचं काही करून घेतलं तर, ही भीती मला दर थोड्या वेळाने गाठायची आणि मी दाराशी तोंड नेऊन विचारायचे, अनसू, आहेस ना? ती हाव म्हणायची.

तीन तासांनी बाई आल्या. त्यांनी लिंबाखालची माणसं बघितली, मला बघितलं, कडी बघितली. भावाने उठून सगळं सांगितलं. बाईंनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "पोरगी जेवली का?" मी नाही म्हटलं. त्यांनी कडी काढली, आत गेल्या, स्टो पेटवला आणि पिठलं टाकलं. त्या माणसांसमोर, उघड्या दाराने, अनसूला बसवून जेवायला वाढलं. ती जेवत होती तोवर त्या दारात उभ्या होत्या. मग त्यांनी भावाला सांगितलं, हिला मी घेऊन चालले, ती सज्ञान आहे, ती यायला तयार आहे, अडवायचं असेल तर आधी मला अडवा आणि तुमची नावं मला नीट सांगा, कागदावर लिहायची आहेत. खिशातून पेन काढावं तसं त्यांनी पिशवीतून रजिस्टर काढलं आणि खरंच उघडून धरलं. कुणी नाव सांगितलं नाही.

दिवस मावळायच्या आधीची नांदेडची गाडी होती. अनसू मधे, एका बाजूला बाई, एका बाजूला मी, असं आम्ही गावातून फाट्यापर्यंत चालत गेलो. मागे ती सात-आठ माणसं दहा पावलं अंतर ठेवून चालत होती. घराघरांच्या दारात बाया उभ्या होत्या. एका दारात कोंडाबाई होती. ती खाली उतरली आणि आमच्यामागून, त्या माणसांच्या पुढून चालू लागली. मग आणखी दोघी आल्या. फाट्यावर पोहोचेपर्यंत आमच्या आणि त्या माणसांच्या मधे सहा बाया होत्या.

गाडीत बसल्यावर बाईंनी खिडकीतून मला विचारलं, "उंबऱ्यावर किती वेळ बसलीस?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाय आखडले असतील. बायांसंगं चालत जा. एकटी जाऊ नको." दोन महिन्यांत कामाव्यतिरिक्त त्या माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

भावाने पुढे बाईंविरुद्ध अर्ज केला. तो जुन्या जिल्ह्याच्या कचेरीत गेला, तिथून नव्या जिल्ह्यात आला, नव्या कचेरीत बाईंची कागदपत्रंच पोहोचलेली नव्हती. चौकशी लांबत लांबत वर्षावर गेली. साहेबांनी त्यांना विचारलं की ती मुलगी गरोदर होती का. बाईंनी त्यांनाही उत्तर दिलं नाही. त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली आणि एका सकाळी त्या सायकल ढकलत निघून गेल्या.

अनसू लोह्याला बाईंच्या बहिणीकडे काही महिने राहिली, मग नांदेडात शिवण शिकली. तिचं तिथे दुकान आहे, हाताखाली चार बाया आहेत. बाई वारल्या तेव्हा ती माझ्या आधी तिथे पोहोचली होती. आता तिची सत्तरी जवळ आली आहे. गावाकडचे लोक अजून मला लग्नाकार्यात गाठतात आणि बोलता बोलता हळूच विचारतात, त्या पोरीचं शेवटी काय झालं, मूल होतं का, ठेवलं का.

ते मला माहीत आहे. मी सांगत नाही.